खणआळीतलं वाण, गावभागातली हळद

साताऱ्याच्या खणआळीत पाय ठेवायला जागा नाही. संक्रांत चार दिवसांवर आलीय. गर्दीतली प्रत्येक बाई दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून एकच विचारतेय, "वाणाला नवीन काय आलंय?"

दुकानदार तोंडानं उत्तर देत नाही, नुसता हात वर करतो. छताला बांधलेल्या दोऱ्यांवर सगळं वाणच लटकतंय. चहाच्या गाळण्या, साबणाच्या डब्या, कंगवे, रुमाल, टिकल्यांची पाकिटं, मोबाइल ठेवायचे स्टँड, भाजीच्या जाळीदार पिशव्या आणि झाकणाच्या चौकोनी डब्या, गुलाबी, पोपटी, निळ्या. प्रत्येक वस्तू आपापल्या पातळ पन्नीत बंद. भाव डझनावर चाललाय. "डबी दीडशे डझन. गाळणी एकशेवीस. पाच डझनाच्या वर घेणार असाल तर बघू."

माझ्याबरोबर शेजारच्या वहिनी आहेत. त्यांच्या हातात यादी आहे. सोसायटीतल्या चाळीस, भिशीच्या बावीस, बँकेतल्या दहा. त्यांचं हळदीकुंकू दरवर्षी रथसप्तमीला असतं, पण वाण आत्ताच घेतलेलं बरं, नंतर उरलंसुरलं मिळतं. त्या गाळणी उचलतात, खाली ठेवतात. कंगवा बघतात, मान हलवतात.

"मागच्या वर्षी वरच्या मजल्यावरच्यांनी स्टीलची वाटी दिली होती. मी कंगवा कसा देऊ? हलकं दिसतं."

शेवटी डबी ठरते. सहा डझन. मी एक डबी पन्नीतून काढून हातात घेते. झाकण एका कोपऱ्यात बसतं तर दुसऱ्या कोपऱ्यात उचलतं. कडेला प्लास्टिकचा धारदार पापुद्रा तसाच राहिलाय, बोटाला लागतो. तळाशी कसलाही शिक्का नाही, प्लास्टिक कुठल्या जातीचं हे सांगणारा तिकोनी आकडाही नाही. नाकाशी नेली तर रॉकेलसारखा उग्र वास येतो. हिच्यात तिखट-मीठ कुणी भरणार नाही, हे वहिनींना कळतं, दुकानदारालाही कळतं. तरी डब्या मोजल्या जातायत, कारण प्रश्न वापराचा नाहीच. समोरचीनं दिलं, आपण दिलं नाही, असं होता कामा नये, एवढाच प्रश्न आहे. वहिनींना मी नावं ठेवू शकत नाही. बायकांच्या जगात हे देणंघेणं मोठ्या मानानं चालत आलंय आणि वर्षातून एकदा एकमेकींच्या दारात जायचं निमित्तही तेच आहे.

पण हिशेब मांडून पाहा. पन्नास जणींचा एक गट धरला आणि प्रत्येकीनं उरलेल्या एकोणपन्नास जणींना एकेक वस्तू दिली, तर त्या एका गटात २,४५० वस्तू फिरतात. तेवढ्याच पन्न्या. आणि साताऱ्यात असे गट गल्लोगल्ली आहेत.

कायद्याचा हात इथवर पोचत नाही. महाराष्ट्रानं मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. केंद्रानं १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या वस्तूंवर बंदी घातली. त्या यादीत मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची पातळ फिल्मसुद्धा आहे. ही डबी मात्र कुठल्याच यादीत बसत नाही. कागदोपत्री ती पुन्हापुन्हा वापरायची वस्तू आहे.

दुकानातून बाहेर पडल्यावर रस्त्याच्या कडेला पोत्यावर सुगडं मांडून एक कुंभारीण बसलीय. काळी, तांबडी, काही ऑइलपेंटनं रंगवलेली. वहिनी त्यातली साधी पाच निवडतात, टिचकी मारून आवाज ऐकतात. या सुगडात बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, गाजराचे तुकडे, गव्हाच्या ओंब्या आणि तीळ भरायचे. याच दिवसांत शिवारात जे जे तयार होतं ते सगळं. माण तालुक्यात कुळकजाईजवळ सीतामाईचा डोंगर आहे. तिथं संक्रांतीला गावोगावच्या बाया ववसायला जातात, आणि एकमेकींच्या ओटीत पडतं ते याच सुगडातलं. बोरं पोरं खातात, करवे चघळले जातात, चोथा गुरांपुढं जातो, फुटकं सुगड मातीत मिसळतं. जुन्या बायकांनी कचरा कमी करायचा म्हणून हे केलं नव्हतं. त्यांच्याकडं द्यायला होतं ते शेतातलंच होतं. पण त्या देण्यातलं काही उरत नसे, हे खरं.

आता संक्रांत होऊन आठवडा झालाय आणि मी गोडोलीतल्या एका फ्लॅटच्या दारात चपलांच्या ढिगात माझ्या चपलेला जागा शोधतेय. आत पंधरा-वीस जणी. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली एक नवी सून, पाटावर बसवलेलं बोरन्हाणाचं बाळ. हळदीकुंकू लावलं जातं, मनगटावर अत्तराचा बोटभर ओलावा, गुलाबदाणीतून दोन थेंब, हातावर तिळाची वडी. मग वाण. आज छोटा काचेचा दिवा आहे, सोनेरी खोक्यात. प्रत्येकीच्या खांद्याला एक मोठी पिशवी आहे, कारण इथून पुढं आणखी दोन-तीन घरं करायचीत. मसाला दूध कागदी कपात दिलं जातं, आणि दाराशी ठेवलेल्या बादलीत कपांचा मनोरा वाढत जातो.

गर्दी ओसरल्यावर घरच्या काकू मला आतल्या खोलीत नेतात. मी विचारलंय म्हणून कपाटाचा खालचा कप्पा उघडून दाखवतात. आत दाटीवाटीनं भरलेल्या डब्या, करंडे, वाट्या, तीन गाळण्या, पणत्यांचे संच, दिवाळीला कुणीकुणी दिलेली सुक्या मेव्याची रिकामी मखमली खोकी, ज्यूटच्या पिशव्या आणि शिवलेले कापडी बटवे. बटव्यांवर माझा हात थांबतो. पर्यावरणाला जपायचं म्हणून पाचसहा वर्षांपूर्वी आम्ही बऱ्याच जणींनी कापडी बटवे द्यायला सुरुवात केली. ते इथं पडलेत, न वापरलेले, घडी न मोडलेले. कापड चांगलं, हेतू चांगला, पण एका घरात बटवे लागतात किती? वस्तू कशाची आहे यापेक्षा ती त्या घरात संपणार की साठणार, हे आधी बघायला हवं, असं मला या कपाटापुढं उभं राहून पक्कं वाटतं.

"टाकवत नाही," काकू म्हणतात. "कुणी प्रेमानं दिलेलं असतं. आणि वापरायलाही होत नाही. मग पुढं देऊन टाकते. ही डबी बहुतेक परत माझ्याचकडं आलीय."

त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्याकडचं वाण टेबलावर मांडलेलं आहे आणि आम्ही आमच्या हातानं निवडायचंय. घरी वाचून झालेले दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात दिवाळीला फराळाशेजारी अंक असतो, आणि जानेवारीपर्यंत तो वाचून रद्दीच्या वाटेला लागलेला असतो. बाई त्याला आणखी एक फेरी मारायला लावतायत. ज्यांना अंक नको त्यांच्यासाठी गोष्टींची पुस्तकं आहेत, पानं दुमडलेली, कुठं पोरांनी पेन्सिलीनं रेघोट्या मारलेली. याच सातारा जिल्ह्यातल्या भिलारला २०१७ च्या मे महिन्यात पुस्तकांचं गाव झालं. बाई तिथं जाऊन आल्या आणि तेव्हापासून हे सुरू केलं, असं सांगतात. तरुण सुना टेबलाभोवती गोळा होऊन पानं चाळतायत, पाककृतींचा अंक कुणाचा यावरून दोघींत ओढाताण चाललीय. वरच्या घरात दिव्याचं खोकं उघडून बघितलेलं मला कुणी दिसलं नव्हतं.

सकाळी घंटागाडी येते तेव्हा मी मुद्दाम खाली उतरते. गाडीबरोबरची ताई चपळाईनं हात चालवतेय. ओलं एका कप्प्यात, सुकं दुसऱ्या. सुक्यातलं जे विकलं जातं ते ती बाजूच्या गोणीत टाकत जाते. पाण्याच्या बाटल्या गोणीत. पुठ्ठा गोणीत. मग तिच्या हातात कालच्या दिव्याचं खोकं येतं. ती ते फाडते आणि फाटलेली कड माझ्यासमोर धरते. बाहेरून सोनेरी चकचकीत पापुद्रा, आत करडा पुठ्ठा, त्यावर डिंकानं चिकटवलेलं मखमली कापड आणि मधे वस्तू बसवायचा पातळ प्लास्टिकचा साचा.

"आवं ताई, ह्यो पुठ्ठा बी न्हाई आन प्लास्टिक बी न्हाई. भंगारवाला हातात बी घेत न्हाई. हे सोलत बसायचं म्हनलं तर माझी गाडी दुपारपतूर हितंच."

खोकं गाडीत जातं, आणि गाडी पुढं सोनगावच्या डेपोकडं. पन्न्यांचंही तेच. इतक्या हलक्या की गोणीभर जमल्या तरी वजन भरत नाही, आणि वजन नाही तर पैसा नाही. त्या सरळ ढिगात जातात. ताई सांगते, वर्षातून दोनदा गाडी अशी फुगते, दिवाळीनंतर आणि आता. "वझं न्हाई हो, नुसता फुगवटा." याच जिल्ह्यातलं कराड २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिलं आलं. तो मान अशाच हातांनी मिळवलेला असतो. पण सोललं न जाणारं खोकं कराडच्या ताईलाही सोलता येणार नाही. ते घरात यायच्या आधीच थांबवलं तर थांबतं.

सांगलीला जायची एसटी कराड सोडते आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं रेंगाळते. हंगाम ऐन भरात आहे. खिडकीतून धुरळा आणि मळीचा आंबूस वास येत राहतो. सांगली माझं माहेर. उतरल्या उतरल्या रिक्षानं गावभागात.

गावभागातल्या घरांच्या भिंतींवर पाण्याच्या रेषा आहेत. रंग दिला तरी लोक बोट ठेवून दाखवतात, ही २००५ ची, ही २०१९ ची. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. माझी बालमैत्रीण याच गल्लीत राहते. आज तिच्याकडं हळदीकुंकू आहे आणि ओटा पुसता पुसता ती मला त्या वेळचं सांगतेय.

"पाणी उतरल्यावर माळा रिकामा केला. भांडी, गाद्या, पुस्तकं गेली, त्याचं रडू आलं. पण त्याच्या मागनं काय निघालं माहितीय? चिखलात लडबडलेल्या डब्या, कपांचे सेट, फोटोच्या फ्रेमा, शोभेचे हत्ती. सगळं कोरं. आहेरातलं, वाणातलं. वीस वर्षं जपून ठेवलेलं मी दोन दिवस फावड्यानं रस्त्यावर ढकलत होते. गल्लीत प्रत्येकीच्या दारात तोच ढीग, तेच हत्ती."

त्या दिवसांत सांगलीच्या रस्त्यांवर कंबरेएवढे ढीग होते. घरातली प्रत्येक वस्तू एका रात्रीत कचरा झालेली. गल्लीतल्या बायकांनी पुढच्या संक्रांतीला एकत्र बसून ठरवलं, की वाण द्यायचं, पण महिन्याभरात संपेल असंच.

आज हळद आहे. दुसरं काय असणार सांगलीत! इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पलीकडं हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळकुंडं वर्षानुवर्षं साठवायचे, न कीड लागता, न रंग उतरता. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं पाण्यानं गेली. यंदाची काढणी नुकती सुरू होतेय, तिची हळद यायला अजून वेळ आहे. मैत्रिणीनं आणलीय ती मागच्या हंगामाची, वाळव्याकडच्या मावसभावाच्या शेतातली, गिरणीतून दळून. पितळी परातीत तिचा ढीग आहे. त्यात चमचा घातला की ढिगाची कड हळूच ढासळते आणि आतला गडद, जवळजवळ केशरी रंग वर येतो. विकतच्या पाकिटातल्या पिवळ्याधमक हळदीला हा रंग नाही, हा वासही नाही. जरा मातीचा, जरा कडवट, नाकात बसणारा.

बायका येऊ लागतात. निरोपातच लिहिलं होतं, "येताना डबी आणा." कुणी स्टीलची डबी आणलीय, कुणी जॅमची बाटली, एकीनं चक्क आईचा लाकडी करंडा आणलाय. मैत्रीण प्रत्येकीला हळदीकुंकू लावते, तिळगूळ देते आणि मग डबी समोर धरायला सांगून दोन मोठे चमचे हळद घालते. चमचा शिगेचा, हात सढळ. दूध काचेच्या पेल्यांतून फिरतंय. दोन पोरी मोरीत बसून पेले विसळून परत पाठवतायत. वेळ जास्त लागतो. त्यामुळं बायकांना बसावं लागतं, आणि बसल्या की गप्पा होतात. साताऱ्याच्या घरात उभ्याउभ्या वाण घेऊन पुढं पळायची घाई होती, ती इथं नाही.

डबी विसरलेल्याही आहेतच. त्यांच्यासाठी मैत्रिणीच्या सासूबाई कोपऱ्यात पाट घेऊन बसल्यात. पुढ्यात वहीची कोरी पानं आणि दोऱ्याचं रीळ. पान तिरकं धरून त्या त्याचा कोन करतात, तळ अंगठ्यानं दाबतात, हळद ओततात, वरची टोकं एकावर एक दुमडून आत खोचतात आणि दोऱ्याचे दोन आडवे, एक उभा वेढा देऊन गाठ मारतात. पुडी हलवून बघितली तरी कण सांडत नाही. एक कॉलेजातली मुलगी त्यांच्या शेजारी बसून शिकतेय. तिची पहिली पुडी खालून गळते.

"अंगठा सोडलास," आजी म्हणतात. "परत कर."

या आजीच सुरुवातीला या सगळ्याच्या विरोधात होत्या. "सवाष्णीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? हळद काय, प्रत्येकीच्या घरात असतेच की," असं त्यांचं म्हणणं.

"असते. आणि संपते," मैत्रिणीनं तेव्हा सांगितलं होतं. मग आजींनी स्वतःच आठवून सांगितलं, की त्यांच्या लहानपणी वाणाला गुळाचा खडा, वाटीभर मूग, कधी पसाभर शेंगा असत, आणि कुंकूसुद्धा हळदीपासूनच घरी बनवत.

ज्या बायकांचा डब्या-कंगवे विकून हंगाम निघतो त्यांचं काय, असा विषय मधेच निघतो. प्रश्न खरा आहे. हरभट रोडला पथारी टाकणारी एक ओळखीची ताई याच मंडळींत आहे. ती म्हणते, मी काय, जे खपतं ते विकते. या वर्षी तिनं बेदाण्याच्या छोट्या पुड्या ठेवल्या होत्या. तासगावकडून माल आणला, इथल्या द्राक्षांचाच. डब्यांपेक्षा फायदा कमी नाही झाला, फक्त उरला तर पुढच्या वर्षापर्यंत ठेवता येत नाही, तेवढी जोखीम. पैसा गावातच फिरतो, शेतकऱ्यापर्यंत पोचतो, हे तिच्या बोलण्यातून आपसूक येतं. डबी कुठल्या कारखान्यातून येते ते तिलाही माहीत नाही.

मी तिथूनच वहिनींना फोन लावते. हळद किलोला अडीचशे पडली. शंभर जणींना पन्नास-पन्नास ग्रॅम दिली तर पाच किलो. म्हणजे एकीला साडेबारा रुपये. पलीकडं क्षणभर शांतता. वहिनी बँकेत आहेत, हिशेब त्यांना सांगावा लागत नाही.

"अहो, म्हणजे डबीएवढेच की," त्या म्हणतात. "पण माझ्या घेऊन झाल्यात हो. पुढच्या वर्षी बघू. आणि नाहीतर असं करा, दोन किलो आणा. बँकेतल्यांना आणि भिशीच्यांना हळद देते. सोसायटीतल्या वरच्या मजल्याचं मात्र... बघते."

आठ वाजत आलेत. परातीत मूठभर हळद उरलीय, दारातल्या बादलीत केळीची सालं आणि तिळगुळाचे दोन-चार कागद. बाहेरच्या बायका गेल्या, घरच्या उरल्या, आणि विषय मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नावर येतो. मे महिन्यातली तारीख आहे. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापायचं यावर सगळ्यांचं एकमत दिसतं. मुलगी म्हणते, मग आपणही द्यायच्या साड्या काढून टाकू. तिनं कपाटातून बाहेर आणलेला गठ्ठा मधोमध ठेवलाय, मागच्या लग्नांत आलेल्या देण्याघेण्याच्या साड्या, प्लास्टिकच्या पिशव्यांत, काहींच्या घड्या वासानंच कळतील इतक्या जुन्या. अंगावर कुणी नेसत नाही, पुढच्या लग्नात पुढं जातात.

मानपानाची यादी आजींच्या हातात आहे. साठएक नावं. हे वाणाइतकं सोपं नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना कळतंय. साडी कमी झाली की नातं दुखावतं. आजी चष्मा पुसतात, पेन मागतात.

"लांबच्यांना साडी नको. त्यांना हळद आणि बेदाणे द्या, एकत्र," त्या म्हणतात आणि पहिल्या पानावर रेघ मारतात. दुसरी रेघ. तिसरी.

"मामींना?" मुलगी विचारते.

"मामींना साडीच. पण त्यांना विचारून, त्यांच्या पसंतीची, नेसतील अशी. एकच."

"आणि काकांच्या चुलत सुना? त्या सहा आहेत."

"सहा नाहीत, सात. पुढचं पान दे."